'झॉम्बी' नेमकं कुणाला सुनावतंय

क्रॅनबेरीज या आयरिश बँडचं 'झॉम्बी' आपल्याकडे जिथे जिथे वाजतं तिथे लोक एकतर नाचत असतात नाहीतर बेंबीच्या देठापासून ओरडत असतात. कॉलेज फेस्ट, पबमधली रॉक नाइट, ट्रेकला कुणीतरी उगाच वजन करत आणलेली गिटार, कुठेही. गिटार शिकणाऱ्याला तर हे गाणं चुकतच नाही, कारण ई मायनर, सी, जी आणि डीचा एक प्रकार एवढ्या चार कॉर्ड्स आणि पाच मिनिटं त्याच गोल गोल फिरतात, उजव्या हातात थोडा जोर असला की झालं, पोरगं रॉकस्टार. मीपण ठाण्यात एका क्लासला हेच घोटलंय, आमच्या मजल्यावरच्या काकूंना ते अजून पाठ असेल.

आणि गाणं आहे कशाबद्दल, तर इंग्लंडमधल्या एका बाजारात कचऱ्याच्या डब्यात ठेवलेल्या बाँबने मेलेल्या दोन मुलांबद्दल.

हे बहुतेकांना माहीत असतं हल्ली, यूट्यूबवर खाली कुणीतरी लिहिलेलंच असतं. पण 'युद्धविरोधी गाणं आहे' एवढं म्हणून लोक पुढे जातात, जसं काही क्रॅनबेरीजची गायिका डोलोरेस ओ'रिऑर्डनने जगातल्या सगळ्या युद्धांना मिळून एक निबंध लिहिलाय. मला ते पटत नाही. हे गाणं सगळ्यांना उद्देशून नाहीये, ते फार नेमक्या लोकांना उद्देशून आहे आणि म्हणूनच ते एवढं बोचलं काही जणांना, आजही बोचतं.

आधी ती घटना नीट सांगते. २० मार्च १९९३, शनिवार, वॉरिंग्टन नावाचं गाव, लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मधे. दुसऱ्या दिवशी रविवारी इंग्लंडचा मदर्स डे होता त्यामुळे ब्रिज स्ट्रीटवर खरेदीची गर्दी. आयआरएने (म्हणजे आयरिश रिपब्लिकन आर्मी, ज्यांना उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून सोडवून बाकीच्या आयर्लंडला जोडायचं होतं) तिथल्या बिडाच्या कचरापेट्यांमधे दोन बाँब ठेवले होते. त्याआधी एक फोन गेला होता, पण तो लिव्हरपूलच्या एका हेल्पलाइनला आणि त्यात म्हटलं होतं बूट्सच्या दुकानाबाहेर बाँब आहे, कुठलं गाव ते कळलंच नाही, बूट्स म्हणजे औषधांच्या दुकानांची चेन, प्रत्येक गावात असतं, पोलीस लिव्हरपूलच्या बूट्सकडे धावले. इकडे दुपारी बाराच्या सुमारास पहिला बाँब फुटला, लोक घाबरून पळाले ते नेमके दुसऱ्याच्या दिशेने आणि मिनिटभरात तो फुटला. कचरापेटी बिडाची, तिच्याच चिरफळ्या उडाल्या. जोनाथन बॉल तीन वर्षांचा होता, सांभाळणाऱ्या मुलीबरोबर आईसाठी मदर्स डेचं कार्ड घ्यायला आलेला, तो जागेवर गेला. टिम पॅरी बारा वर्षांचा, फुटबॉलची शॉर्ट्स घ्यायला आला होता, तो पाच दिवस हॉस्पिटलमधे होता आणि २५ मार्चला त्याचं लाइफ सपोर्ट काढलं. पन्नासहून जास्त लोक जखमी. या बाँबसाठी आजपर्यंत कुणालाही शिक्षा झालेली नाही.

तारीख बघितलीत ना. २० मार्च १९९३. मुंबईत १२ मार्चला स्फोट झाले, त्यानंतर बरोबर आठ दिवसांनी. माझे बाबा तेव्हा फोर्टात नोकरीला होते, त्या शुक्रवारी ते रात्री उशिरा घरी आले ते चालत का कसे ते कुणी विचारलंच नाही, आईने फक्त पाणी दिलं आणि बादली काढून ठेवली आंघोळीला. शर्टावर धूळ होती, रंग गेला होता शर्टाचा. २५७ माणसं गेली मुंबईत. वॉरिंग्टनशी त्याचा काही संबंध नाही, कारणं वेगळी, माणसं वेगळी, पण मी जेव्हा ही तारीख पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हे गाणं एकदम ओळखीचं झालं, परक्या देशातलं काहीतरी राहिलं नाही. आपल्याकडे त्या स्फोटांवर पुस्तकं आली, सिनेमे आले, पण गर्दीने एकत्र उभं राहून गावं असं गाणं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

तर डोलोरेस. लिमरिकजवळच्या बॅलीब्रिकन गावातली मुलगी, घरात शेंडेफळ, चर्चमधे ऑर्गन वाजवायची, गायची. १९९० मधे लिमरिकच्या तीन पोरांच्या बँडला गायिका हवी होती, नोएल आणि माइक होगन हे भाऊ आणि ड्रम्सवर फर्गल लॉलर, ही कीबोर्ड घेऊन ऑडिशनला गेली आणि त्यांनी दिलेल्या चालीवर शब्द बसवून परत आली, ते पुढे 'लिंगर' झालं. पहिला अल्बम १९९३ च्या मार्चमधेच आला. 'लिंगर', 'ड्रीम्स' असली हळवी, चंदेरी गिटारवाली गाणी. म्हणजे वॉरिंग्टनचे बाँब फुटले तेव्हा हा बँड इंग्लंडमधे टूरवर होता, आयरिश अ‍ॅक्सेंट असलेली चार पोरं, विशीच्या आसपासची, आणि बाहेर प्रत्येक पेपरात त्या दोन मुलांचे फोटो. आयरिश बोलणाऱ्याकडे त्या काळात इंग्लंडमधे लोक कसे बघत असतील याची कल्पना करायला आपल्याला फार कष्ट पडू नयेत.

गाणं तिने एकटीने लिहिलं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे कारण बाकीची बरीच गाणी ती आणि नोएल मिळून करायचे. ती सांगायची की रात्री उशिरा घरी अकूस्टिक गिटारवर कोरस सुचला, मग रिहर्सलला नेलं आणि तिथे तिने इलेक्ट्रिक गिटार उचलून डिस्टॉर्शनचं (आवाज खरखरीत, जाड करणारं) पेडल दाबलं आणि फर्गलला म्हणाली जरा जोरात बडव ड्रम्स. झालं, लिंगरवाल्या बँडचं सगळं चित्रच बदललं. निर्माता मात्र पहिल्या अल्बमचाच, स्टीफन स्ट्रीट, द स्मिथ्स या बँडबरोबर काम केलेला माणूस, म्हणजे घणाघाती रॉकसाठी प्रसिद्ध नव्हताच. आणि तरी ते गिटारचं ओझं बघा, कोरस येतो तेव्हा भिंत पडल्यासारखी पडते अंगावर. १९९४ साल आहे, ग्रंज (जाड, खरखरीत गिटारवालं अमेरिकन रॉक) जोरात आहे, निर्वाणा बँडचा कर्ट कोबेन त्याच एप्रिलमधे गेलेला, त्यामुळे काही समीक्षक म्हणाले की फॅशन बघून आवाज वाढवलाय. म्हणू देत. मला वाटतं या विषयावर लिंगरच्या आवाजात गायली असती तर ते शोकसंदेश पाठवल्यासारखं झालं असतं.

आता तिच्या आवाजाबद्दल बोलायलाच हवं. सुरुवातीच्या कडव्यात ती जवळजवळ पुटपुटते. एक डोकं झुकलेलं आहे, एक मूल हळूच नेलं गेलंय, इतकंच सांगते, नाव नाही, गाव नाही, रक्तबिक्त काही नाही. मग कोरसमधे 'झॉम्बी' या शब्दावर ती आवाज मुद्दाम फोडते, शेवटच्या स्वराला धक्के देत देत वर-खाली नेते. कॉलेजात आम्ही सगळे याची नक्कल करायचो आणि हसायचो, कुणाचंच बरोबर यायचं नाही. लोक त्याला योडल (आल्प्समधलं आवाज तोडत गाणं) म्हणतात, पण मला ते ऐकताना आमच्या गावाकडे मयताच्या घरी बायका हेल काढून रडतात तेच आठवतं, रडण्यातच चाल असते आणि चालीतच शिव्याशाप पण असतात, कुणाला उद्देशून ते सगळ्यांना कळतं पण कुणी नाव घेत नाही. आयर्लंडमधेही अशी परंपरा होती, प्रेताजवळ बायकांनी गाऊन रडायचं, चर्चने ती बरीचशी बंद पाडली. डोलोरेसच्या गळ्यात ते कुठून आलं मला सांगता येणार नाही पण ते तिथे आहे असं माझं ठाम मत आहे. आणि गाण्यात पुढे ती म्हणतेच की आईचं काळीज फुटलंय. बाप नाही, देश नाही, सैनिक नाही. आई. मदर्स डेचं कार्ड घ्यायला गेलेलं पोर.

शेवटी शब्द संपतात. कोरस झाल्यावर ती नुसते आवाज काढत राहते आणि गिटार कितीतरी वेळ एकटीच चालत राहते, पाच मिनिटांच्या गाण्यात एवढा वेळ शब्दांशिवाय, रेडिओवाले असं गाणं बघून डोक्याला हात लावत असतील.

मधल्या एका ओळीवर मात्र मला सगळ्यात जास्त बोलायचंय. ती म्हणते, बघ ना, हे मी नाहीये, हे माझ्या घरचे नाहीयेत. ही ओळ लोक गाताना चटकन गिळतात कारण पुढे टँक आणि बाँबचा धडाका येतो. पण गाण्याचा गाभा हीच ओळ आहे माझ्या मते. त्या काळच्या मुलाखतीत तिने अगदी स्पष्ट सांगितलंय की आयआरए म्हणजे मी नाही, माझा बँड नाही, माझे घरचे नाहीत, आयर्लंड पण नाही, भूतकाळात जगणारी काही मूर्ख माणसं आहेत ती. आता हे ती कुणाला सांगतेय? इंग्रजांना सांगतेय की बाबांनो आम्हाला सगळ्यांना एकाच तराजूत तोलू नका? थोडंसं हो. पण जास्त करून ती आपल्याच लोकांना सांगतेय की माझ्या नावाने हे करू नका. तुम्ही म्हणता आयर्लंडसाठी मारतोय, मी आयर्लंड आहे, मी सांगितलं नव्हतं. आणि ती एकटी नव्हती, वॉरिंग्टननंतर डब्लिनमधे हजारो लोक रस्त्यावर उतरले होते, फुलं आणि टेडी बेअर घेऊन, बहुतेक साधी घरातली माणसं, त्यांचंही म्हणणं हेच होतं. डोलोरेसने त्याला चाल लावली, आणि शब्द असे वापरले की मोर्चात चालतील.

'तुमच्या डोक्यात' हे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहते त्याचा अर्थ इथे लागतो. लढाई रस्त्यावर आहे पण मुक्काम डोक्यात आहे. आजोबाने सांगितलेली गोष्ट बापाच्या डोक्यात, बापाची पोराच्या, मेलेली लढाई चालत राहते, तिला कोणी पुरत नाही. शीर्षक तिथून आलंय.

आणि मग ती १९१६ चं नाव घेते आणि तिथेच वाद सुरू होतो.

१९१६ म्हणजे ईस्टर रायझिंग. २४ एप्रिल १९१६ ला डब्लिनमधे बंडखोरांनी पोस्ट ऑफिस ताब्यात घेऊन प्रजासत्ताक जाहीर केलं, आठवड्याभरात इंग्रजांनी मोडून काढलं आणि मग पुढाऱ्यांना रांगेने गोळ्या घातल्या. त्या गोळ्यांनी देश पेटला, पुढे स्वातंत्र्य मिळालं (उत्तरेचा तुकडा सोडून). म्हणजे आयर्लंडसाठी १९१६ हे आपल्या १९४२ सारखं पवित्र साल. सहज आठवलं म्हणून सांगते, त्याच आठवड्यात इकडे बेळगावात लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग काढली, होमरूल हा शब्दच मुळी आयर्लंडमधून घेतलेला, आपले लोक तिकडे डोळे लावून बसलेले असायचे. तर असल्या सालाचं नाव घेऊन ही एकवीस-बावीस वर्षांची पोरगी म्हणते की तेव्हापासून तेच तेच चाललंय. कुणाच्या घरात हे चालेल? रिपब्लिकन लोकांचं (म्हणजे आयर्लंड एक व्हावं म्हणणाऱ्यांचं) म्हणणं असं की स्वातंत्र्यसैनिकांना आणि कचरापेटीत बाँब ठेवणाऱ्यांना तू एका माळेत ओवलंस. यावर एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही, त्या पवित्र आठवड्यात डब्लिनच्या रस्त्यांवर चाळीस मुलं मेली होती, जो डफी नावाच्या पत्रकाराने शंभर वर्षांनी त्यांची नावं शोधून काढली. तोवर त्यांची आठवण कुणी फारशी काढतच नव्हतं. म्हणजे मुलं आणि १९१६ यांची गाठ तिने नकळत बरोबर मारली होती.

टीकेचा दुसरा भाग मात्र मला खोडता येत नाही आणि खोडायचाही नाही. लिमरिक दक्षिणेत आहे, सीमेपासून लांब, तिथल्या माणसाला ब्रिटिश सैनिकाने रोज शाळेत जाताना दप्तर उघडायला लावलेलं नाही. उत्तरेतल्या बेलफास्ट-डेरीतले कॅथलिक म्हणतात की आमची पोरं मेली तेव्हा कुठे होतं गाणं? टिम पॅरी गेला त्याच दिवशी, २५ मार्चला, उत्तर आयर्लंडमधल्या कॅसलरॉक गावात प्रॉटेस्टंट लॉयलिस्ट (म्हणजे ब्रिटनमधेच राहायचं म्हणणाऱ्या) बंदूकधाऱ्यांनी कामावर आलेल्या चार माणसांना त्यांच्या व्हॅनमधेच गोळ्या घातल्या, आणि त्याच दिवशी बेलफास्टमधे एक सतरा वर्षांचा कॅथलिक मुलगा कामावर असताना मारला गेला. डब्लिनच्या मोर्चात उत्तरेतून आलेले काही जण हेच विचारत होते. साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली उत्तर आयर्लंडच्या या संघर्षाच्या तीस वर्षांत, सगळ्या बाजूंची, आणि जगभर गायलं जाणारं गाणं झालं ते इंग्लंडमधल्या दोन मुलांवर. हे अन्यायाचं वाटणारच.

पण परत तेच. ती आपल्या लोकांशी भांडत होती. दुसऱ्याच्या लोकांना शिव्या देणारं गाणं लिहायला काय लागतं, ते रोज लिहितात लोक. सगळ्या बाजूंना सारखं माप देणारं गाणं लिहिलं असतं तर ते सरकारी पत्रकासारखं झालं असतं आणि आज कुणी गायलं नसतं. घरात ओरडायचं तर घरातल्यांची नावं घेऊनच ओरडावं लागतं. एवढा एकांगीपणा मला मान्य आहे, आणि टीका करणाऱ्यांचा रागही मान्य आहे, दोन्ही एकदम.

रेकॉर्ड कंपनीला गाणं नको होतं म्हणे. मॅनेजर अ‍ॅलन कोव्हॅकने सांगितलेला किस्सा असा की आयलंड रेकॉर्ड्सने हे सिंगल काढू नका, दुसऱ्या गाण्यावर काम करा म्हणून दहा लाख डॉलरचा चेक देऊ केला आणि डोलोरेसने तो फाडून टाकला. मॅनेजर लोकांचे किस्से जरा मीठ-मसाला लावूनच ऐकायचे असतात, पण गाणं निघालं हे खरं, सप्टेंबर १९९४ मधे. गंमत म्हणजे ३१ ऑगस्टला आयआरएने युद्धबंदी जाहीर केली होती, म्हणजे गाणं बाजारात आलं तेव्हा बंदुका नुकत्याच खाली ठेवलेल्या. (ती युद्धबंदी १९९६ च्या फेब्रुवारीत लंडनच्या डॉकलंड्समधे बाँब फोडून मोडली, खरा करार व्हायला १९९८ चा गुड फ्रायडे उजाडला.)

व्हिडिओ सॅम्युअल बेयरचा, निर्वाणाच्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'चा व्हिडिओ केलेला तोच. डोलोरेस अंगभर सोनेरी रंग लावून क्रूसासमोर उभी, भोवती चंदेरी रंगवलेली उघडी मुलं, हा भाग सगळ्यांना आठवतो आणि खरं सांगायचं तर तो भाग आता जरा नाटकीच वाटतो. भारी आहे तो काळा-पांढरा भाग. बेयर स्वतः कॅमेरा घेऊन बेलफास्टला गेला, भिंतीवरची चित्रं, गस्त घालणारे ब्रिटिश जवान, आणि पोरं, पडक्या भिंतीवरून उड्या मारणारी, लाकडं घेऊन बंदूक-बंदूक खेळणारी. एका बाजूला खरी बंदूक घेतलेला सैनिक आणि दुसऱ्या बाजूला खोटी बंदूक घेतलेलं पोर, दोघांच्या वयात फार तर दहा वर्षांचा फरक असेल. बीबीसीने हा व्हिडिओ दाखवायला नकार दिला आणि आयर्लंडच्या सरकारी चॅनलने काटछाट करून दाखवला. दोन्हीकडचे सरकारी टीव्ही एकाच गाण्याला घाबरले, यातच आलं सगळं.

आपल्याकडे तेव्हा केबल नवीन होती, एमटीव्ही आणि चॅनल व्ही बघणं म्हणजे घरच्यांच्या मते वाया जाण्याची पहिली पायरी, तिथे ही सोनेरी बाई दिसायची आणि आजी विचारायची कोण देवी आहे का ही.

चार्टचं थोडक्यात सांगते कारण त्यात मला फार रस नाही: ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, जर्मनीत पहिल्या नंबरवर, अमेरिकेत मॉडर्न रॉकच्या यादीत सहा आठवडे पहिलं, आणि ज्या ब्रिटनमधल्या मुलांवर लिहिलंय तिथे चौदावं. १९९५ चा एमटीव्ही युरोपचा सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार. 'नो नीड टू आर्ग्यू' अल्बम कोटीच्या वर खपला. २०२० मधे यूट्यूबवर शंभर कोटी व्ह्यूज झाले, आयरिश बँडचं पहिलंच गाणं तिथवर पोचलेलं.

डोलोरेस १५ जानेवारी २०१८ ला गेली. लंडनच्या हॉटेलात, बाथटबमधे, दारूच्या अमलाखाली बुडून, कॉरोनरने (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) अपघात म्हणून नोंद केली. ४६ वर्षांची होती. ती लंडनला आली होती ते बॅड वुल्व्ह्ज नावाच्या अमेरिकन बँडने केलेल्या 'झॉम्बी'च्याच कव्हरमधे आवाज द्यायला, त्याच दिवशी रेकॉर्डिंग होतं. म्हणजे शेवटच्या कामाच्या यादीतही हेच गाणं.

आणि तिच्या जाण्याच्या बातम्यांमधे एक गोष्ट बाहेर आली. टिमचे वडील कॉलिन पॅरी, ज्यांनी मुलगा गेल्यावर बायकोबरोबर शांततेसाठी संस्था उभी केली, आयुष्य त्यात घातलं, अगदी आयआरएच्या जुन्या नेत्यांशीसुद्धा बोलले, त्यांना हे माहीतच नव्हतं की हे जगभर वाजणारं गाणं आपल्या मुलावर आहे. तेवीस वर्षं. डोलोरेस गेल्याची बातमी बायकोने सांगितली आणि त्याबरोबर हेही, मग त्यांनी लॅपटॉपवर गाणं लावलं, शब्द नीट ऐकले आणि बीबीसीला सांगितलं की शब्द भव्य आहेत आणि अगदी खरे पण. आयर्लंडमधल्या एका बँडने असं लिहावं याचं त्यांना विशेष वाटलं. मला वाटतं डोलोरेसला कुठलाही पुरस्कार याच्यापुढे फिका वाटला असता, पण ते ऐकायला ती नव्हती.

म्हणजे बघा, ज्यांच्या मुलाचं गाणं त्यांना पत्ता नाही आणि इकडे ठाण्यात आम्ही पेडल दाबून शेजाऱ्यांना छळतोय. गाणी अशी कुठेही जातात.

यातलं सगळ्यात विचित्र वळण २०२३ चं. रग्बी वर्ल्ड कप, पॅरिस, २३ सप्टेंबर, आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेला १३-८ ने हरवलं आणि मैदानावरच्या स्पीकरवर 'झॉम्बी' लागलं, हिरवे शर्ट घातलेले हजारो लोक एका सुरात ओरडायला लागले. लिमरिकचे हर्लिंगवाले (हर्लिंग म्हणजे हॉकीसारखा आयरिश खेळ) ते आधीपासून गायचे, आपल्या गावच्या पोरीचं गाणं म्हणून, पण आता देशाचं झालं. आणि लगेच सोशल मीडियावर भांडण. उत्तरेतले लोक म्हणाले हे आमच्यावर बोट दाखवणारं गाणं तुम्ही विजयगीत म्हणून गाता? दुसरे म्हणाले अरे गाणं आहे, गाऊ द्या ना. तिसरे म्हणाले बाँबमधे मेलेल्या पोरांच्या गाण्यावर बिअर उडवताय, लाज वाटू द्या.

तिसऱ्यांशी मी सहमत व्हायला हवं होतं बहुतेक, पण नाही होत. एक तर आयर्लंडची रग्बी टीम ही उत्तर-दक्षिण मिळून एकच आहे, देश दोन, टीम एक, त्यात बेलफास्टचा प्रॉटेस्टंट पण खेळतो आणि लिमरिकचा कॅथलिक पण, राष्ट्रगीतावरून भांडण नको म्हणून १९९५ मधे त्यांनी वेगळं गाणंच बनवून घेतलं. आणि दुसरं, या टीमला आयआरएचा बाँब प्रत्यक्ष लागलेला आहे. एप्रिल १९८७ मधे पहिल्या वर्ल्ड कपच्या तोंडावर उत्तरेतले तीन खेळाडू गाडीने डब्लिनला सरावाला चालले होते, सीमेजवळ एका न्यायाधीशासाठी लावलेला बाँब फुटला, न्यायाधीश आणि त्यांची बायको गेली आणि समोरून येणाऱ्या या तिघांची गाडी त्यात सापडली. नायजेल कार हा त्यांचा जबरदस्त फ्लँकर, त्याचं करिअर तिथेच संपलं. तेव्हा त्या टीमच्या लोकांनी हे गाणं म्हणू नये असं म्हणायचा अधिकार निदान मला तरी नाही. स्टँडमधल्या किती जणांना हे माहीत असेल? फार थोड्या. गर्दीला अर्थ नको असतो, कोरस हवा असतो. पण त्या गर्दीतल्या एखाद्या पंधरा वर्षांच्या पोराने घरी जाऊन शोधलं की १९१६ काय भानगड आहे तर तो वॉरिंग्टनपर्यंत पोचतोच, आणि तिथून कॅसलरॉकपर्यंतही पोचेल, भांडणामुळे आता तेही सापडतं.

कव्हर्सबद्दल विचारतात लोक म्हणून सांगते. बॅड वुल्व्ह्जवाल्यांनी त्यांच्या व्हर्जनचे अडीच लाख डॉलर डोलोरेसच्या मुलांना दिले, माणसं चांगली आहेत, पण त्यांनी १९१६ काढून २०१८ घातलं आणि ड्रोन वगैरे आणलं. तिथे मला चीड येते. तारीख काढली की गाण्याचं घरच गेलं, मग ते कुणाच्याही विरोधात होतं आणि म्हणून कुणाच्याच विरोधात राहत नाही. मायली सायरसचं २०२० चं ऐका, खरबरीत आवाज आहे आणि शब्दांना हात लावलेला नाही. पण सगळ्यात आधी क्रॅनबेरीजनेच २०१७ च्या 'समथिंग एल्स' अल्बममधे अकूस्टिक आणि व्हायोलिन्स घेऊन केलेलं ऐका, त्यात डिस्टॉर्शन नाही, ड्रम्सचा दणका नाही, आणि 'हे माझ्या घरचे नाहीयेत' ही ओळ गिळायला जागाच राहत नाही. गिटार शिकत असाल तर त्याच्याबरोबर वाजवून बघा, कॉर्ड्स त्याच चार आहेत.